वाइनचा वास ओळखायचाय? चार वाट्या मांडा

वाइनच्या बाटलीवर ‘ब्लॅककरंट, गूजबेरी’ असं छापलेलं असतं. ही फळं आपल्या बेळगाव-खानापूरकडं कुणी हुंगलीत? त्यामुळं नाकाला वास कळतो, पण नाव सुचत नाही. त्यापेक्षा घरातल्या ओळखीच्या वासांशी ताडून बघा.

१. वाट्यांत जाडसर कुटलेली मिरी, लवंगा, ढबू मिरचीची ताजी चकती आणि पिकल्या पेरूची फोड ठेवा. हंगाम असेल तर जांभळंही.

२. ग्लास तिसरा हिस्साच भरा, गोल फिरवा. आधी वाइन हुंगा, मग एकेक वाटी, मग परत वाइन.

३. जुळलेला वास लगेच लिहून ठेवा. घोट नंतर.

शिराझ या लाल वाइनमध्ये मिरी बऱ्याचदा पहिल्या झटक्यात सापडते. सोव्हिन्याँ ब्लांक या पांढऱ्या वाइनमध्ये ढबू मिरची किंवा पेरू शोधा. ओकच्या लाकडी पिंपात मुरलेल्या लाल वाइनला लवंग, व्हॅनिलाचा वास येतो. मुरलेल्या काबेर्ने सोव्हिन्याँ या लाल वाइनमध्ये कधीकधी सुका तंबाखूही निघतो. निपाणीकरांना त्याची वेगळी वाटी मांडायला नको! तुरटपणा मात्र नाकाला नाही, तोंडालाच कळतो. जांभूळ खाल्ल्यावर जीभ आवळल्यासारखी होते ना, तसा.

खोलीत उदबत्ती, अत्तर, गजरा नको. स्वयंपाकघरात फोडणी चालू असेल तर बसूच नका. आणि ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर वाट्या धुंडाळू नका. बुचामुळं वाइन बिघडलीय, बाटली दुकानात परत न्या.