संग्रहालयात स्वयंसेवक म्हणून जाताय? या चुका टाळा

इतिहास मंडळाच्या छोट्या संग्रहालयात नव्या स्वयंसेवकाचा हात आधी फडक्याकडे जातो. माझाही गेला होता. एक जुनं पितळी कुलूप पॉलिश लावून लख्ख केलं, कौतुकाने दाखवायला नेलं, तर त्यावर कोरलेली अक्षरं निम्मी पुसट झालेली! पॉलिश प्रत्येक वेळी धातूचा थोडा थर खरवडूनच चमक आणतं. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटका. पुढचं संवर्धकावर, म्हणजे जुन्या वस्तू जपणाऱ्या तज्ज्ञावर सोडा.

फाटक्या कागदाला सेलोटेप लावू नका. तिचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो. लॅमिनेशन तर त्याहून वाईट, कारण ते सुखरूप काढता येत नाही. कागदपत्रांजवळ पेन नको, पेन्सिल चालेल. आणि ते पांढरे सुती हातमोजे? टीव्हीवर छान दिसतात, पण बोटांना पानाची कड कळत नाही आणि पान फाटतं. कागदासाठी धुतलेले, कोरडे हात बरे. फोटो आणि धातूंसाठी नायट्राइलचे (एका कृत्रिम रबराचे) हातमोजे.

सगळ्यात महागात पडते ती नोंदवहीतली ढिलाई. कुणी पेटी आणतं, ‘आजोबांची आहे, ठेवा’ म्हणतं. आपण आभार मानून ती कपाटावर ठेवतो. दहा वर्षांनी नातू येतो आणि म्हणतो, ती फक्त पाहायला दिली होती! दान की उसनी, हे त्याच दिवशी लिहून दोघांच्या सह्या घ्या. वस्तू कुणी, कधी, कशासाठी वापरली तेही तिथेच विचारा, नंतर सांगायला कुणी उरत नाही. मग दाखल क्रमांक द्या. एक रूढ पद्धत अशी: 2025.4.12 म्हणजे 2025 साली आलेल्या चौथ्या दानातली बारावी वस्तू. नुसती चिठ्ठी बांधू नका, ती सुटते. पत्रांचा गठ्ठा विषयवार लावायचा मोहही आवरा; मूळ क्रम मोडला की कोणतं पत्र कशाचं उत्तर होतं, हे कळेनासं होतं.

कपाटाखाली लाकडाचा ताजा भुगा दिसला तर कीटकनाशक फवारू नका. वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून इतरांपासून दूर ठेवा आणि जबाबदार माणसाला कळवा. कापड, जलरंग यांवर 50 लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त प्रकाश नको. उडालेला रंग परत येत नाही.

पाहुण्यांच्या प्रश्नाला उत्तर माहीत नसेल तर रचून सांगू नका. प्रश्न लिहून घ्या, जमल्यास त्यांचा फोन नंबरही. कित्येकदा विचारणाऱ्यालाच त्या वस्तूबद्दल आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.