बंद करताना ट्रिप होणारा ड्राइव्ह

लातूरच्या एमआयडीसीत आमची डाळमिल आहे. धूळ ओढायच्या ब्लोअरला 20 एचपीची मोटर, तिच्यावर व्हीएफडी, म्हणजे विजेची फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह. चालू करताना काही कटकट नाही. बंदचं बटण दाबलं की मात्र दोन-तीन सेकंदांत ‘ओव्हरव्होल्टेज’ दाखवून ट्रिप. वायरमनला दोनदा बोलावलं. “साहेब, लाईट बरोबर हाय की,” म्हणाला. मीटरवरही 415च होते.

शेवटी ड्राइव्हच्या स्क्रीनवर डीसी बसचा, म्हणजे ड्राइव्हच्या आतल्या डीसी व्होल्टेजचा, आकडा लावून ठेवला. 415 व्होल्ट एसीचे आत डीसी केले की साधारण 587 होतात. मिल चालू असताना तेवढेच दिसत होते. बटण दाबलं, तर आकडा 650, 700, 760 असा पळत सुटला आणि ट्रिप!

म्हणजे जादा व्होल्टेज बाहेरून येतच नव्हतं. ड्राइव्ह फ्रिक्वेन्सी झपाट्याने उतरवतो, पण पंख्याचं जड चाक काही ऐकत नाही. मग मोटरच जनरेटर होते, वीज उलटी आत येते. वीज एकाच दिशेने सोडणाऱ्या डायोडमुळे लाईनला परत जाता येत नाही, म्हणून डीसी बसच्या कपॅसिटरवर साचते.

डिसेलरेशन टाइम, म्हणजे वेग उतरवायला ड्राइव्हला दिलेला वेळ, 5 सेकंद होता. 30 केला, तरी ट्रिप. 60 वर गप्प झाला.

एकाने ब्रेकिंग रेझिस्टर, म्हणजे ही उलटी वीज उष्णता करून जाळणारा रेझिस्टर, घ्यायला सांगितलं होतं. ओझं उचलणाऱ्या होइस्टला ठीक आहे. ब्लोअरला थांबायची कसली घाई? तो खर्च वाचला. आता बटण दाबून हमालमामा तंबाखू मळायला घेतात. मळून होईस्तोवर पंखा थांबलेला असतो.