गरोदरपणात खाल्लेलं अंगाला का लागत नाही? या चुका टाळा

गोड बातमी कळली की घरात खाण्यापिण्याची लगबग सुरू होते. सासूबाई डिंक-खारकांची यादी करतात, माहेरून तुपाचा डबा येतो, शेजारच्या काकू रोज एक शहाळं प्यायला सांगून जातात. एवढं सगळं होऊनही सातव्या महिन्यात हिमोग्लोबिन 9 वर अडकलेलं असतं, वजन भराभर वाढलेलं असतं आणि एक जिना चढला तरी धाप लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या निम्म्याहून जास्त, म्हणजे 52 टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. त्यात खात्यापित्या घरातल्या लेकीसुनाही आहेत. अशा घरांत मायाही कमी नसते आणि अन्नही. घोटाळा होतो तो काय कशाबरोबर खाल्लं, कोणत्या वेळी खाल्लं आणि अंग किती हललं, यात.

गोळ्या चालू आहेत, तरी रक्त वाढत नाही

सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार हीच, म्हणून आधी तिच्याबद्दल सविस्तर.

सरकारी दवाखान्यातल्या लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशी ती किमान 180 दिवस घ्यायची असते. हिमोग्लोबिन 11 च्या खाली असेल तर डॉक्टर डोस वाढवतात. गोळी चांगलीच आहे, पण ती घेतली कशी जाते ते बघा. सकाळी उठल्यावर चहा, चहाबरोबर बिस्किट आणि त्याच घोटाबरोबर गोळी. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं, मग ते आतड्यातून रक्तात फारसं उतरतच नाही. कॉफीचंही तसंच. गोळी आणि चहा यांच्यात दोन्ही बाजूंनी निदान तासाभराचं अंतर हवं, दोन तासांचं ठेवलंत तर उत्तम.

दुसरी चूक कॅल्शियमची. ‘एकदाच काय त्या घेऊन टाकते’ म्हणत रात्री लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेतली जाते. ती दोन्ही एकमेकांच्या आड येतात. कॅल्शियमची 500 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा असते, ती सकाळच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर घ्या. लोहाची गोळी दुपारी, जेवणानंतर दोनेक तासांनी, लिंबूपाण्याबरोबर किंवा एखादा पेरू, आवळा, मोसंबं खाऊन घ्या. आम्लपित्ताचं औषध त्याच वेळी घेत असाल, तर तेही लोह शोषू देत नाही, हे लक्षात असू द्या.

गोळी घेतल्यावर शौचाला काळी होते, पोट साफ होत नाही, मळमळतं. मग बरीच जण कुणाला न सांगता गोळी बंद करते आणि तपासणीला गेल्यावर ‘घेते की’ म्हणते. काळी शौच अगदी अपेक्षित आहे, तिला घाबरू नका. बद्धकोष्ठासाठी पाणी, पालेभाजी, मोडाची उसळ आणि रोजचं चालणं. मळमळ सोसवत नसेल तर रात्रीच्या जेवणानंतर घ्या. शोषण थोडं कमी होईल, पण अजिबात न घेण्यापेक्षा ते पुष्कळ बरं. तेव्हा कॅल्शियमची वेळ दुपारच्या जेवणावर न्या. तरीही जमत नसेल, तर डॉक्टरांकडे गोळी बदलून मागा. खरं सांगितलंत तरच त्यांना मदत करता येते.

आता बीट. बीट लाल असतं म्हणून त्याने रक्त वाढतं, अशी समजूत घरोघरी आहे. 100 ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं. बीट खा, चांगली भाजी आहे, पण गोळीऐवजी नको. बाजरीची भाकरी, मटकी-चवळीच्या मोडाच्या उसळी, राजगिरा, अंडी, मासे आणि मटण यांतून लोह जास्त मिळतं. कडधान्याला मोड आणले की लोहाला अडवणारे घटक कमी होतात. वर लिंबू पिळलंत तर आणखी फायदा. आजीची लोखंडी कढई माळ्यावर असेल तर खाली काढा. टोमॅटो-चिंचेची आंबट भाजी त्यात शिजवल्याने खरोखरच लोह उतरतं.

वेळा नीट सांभाळल्या, तर महिनाभरात हिमोग्लोबिन साधारण एका अंकाने चढायला हवं. तसं झालं नाही तर गोळ्यांवर गोळ्या वाढवत न बसता कारण शोधायला सांगा. पोटात जंत आहेत का? शाकाहारी असाल तर बी-12 कमी आहे का? विदर्भातल्या किंवा नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यातल्या कुटुंबात सिकलसेलची तपासणी झाली आहे का? थॅलेसेमियाची? सिकलसेल आणि थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारांत नुसत्या लोहाने हिमोग्लोबिन वर येत नाही, आणि नवऱ्याचीही तपासणी करावी लागू शकते.

एक गोष्ट बायका लाजून सांगत नाहीत. माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं. घरचे त्याला डोहाळे म्हणून सोडून देतात. बऱ्याचदा ही लोहाच्या कमतरतेची खूण असते. मातीतून जंत पोटात जातात आणि रक्त आणखी कमी होतं. हे डोहाळे पुरवू नका. डॉक्टरांना सांगा.

‘दोन जीवांची आहेस, दुप्पट खा’

दुसऱ्या तिमाहीपासून भारतीय आहारतज्ज्ञांच्या शिफारशीप्रमाणे दिवसाला सुमारे 350 कॅलरी जास्त लागतात. एक ज्वारीची भाकरी, वाटीभर उसळ आणि छोटा पेला दूध, की झालं. पहिल्या तीन महिन्यांत तर जास्तीचं जवळजवळ काहीच लागत नाही, त्यामुळे उलट्यांनी जेवण जात नसेल तर ‘बाळ उपाशी राहील’ म्हणून रडू नका. थोडं थोडं, दर दोन तासांनी खा: लाह्या, राजगिऱ्याची वडी, दहीभात. पाणीसुद्धा टिकत नसेल, लघवी गडद आणि कमी होत असेल, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

डिंकाचे दोन लाडू आणि वर तूप घातलेला शिरा यात ती 350 कॅलरींची मुभा एका बैठकीत संपते, आणि प्रथिनं राहून जातात. शेवटच्या तीन महिन्यांत रोजच्यापेक्षा वीसेक ग्रॅम प्रथिनं जास्त लागतात. म्हणून वरणाची वाटी मोठी करा, डाळ दाट ठेवा, दही, अंडं, शेंगदाणे, पनीर, मासे यांतलं काही ना काही प्रत्येक जेवणात येऊ द्या. मूळचं वजन योग्य असेल तर नऊ महिन्यांत साडेअकरा ते सोळा किलो वाढ ठीक. आधीच वजन जास्त असेल तर सात ते साडेअकरा पुरे.

याच्या नेमकी उलटी चूकही होते. बाळ मोठं झालं तर बाळंतपण अवघड जाईल, म्हणून आठव्या महिन्यापासून सुनेचं ताट कमी केलं जातं. त्याने आईची ताकद जाते आणि बाळ कमी वजनाचं होण्याची भीती वाढते. आणि तूप प्यायल्याने बाळ ‘सुटून’ येत नाही. तूप पचनमार्गात जातं, बाळ गर्भाशयात असतं. केशर-दुधाने बाळाचा रंगही ठरत नाही.

‘मी गोड खात नाही, मला कशाला साखर होईल?’ असं म्हणत ग्लुकोजची तपासणी टाळू नका. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. 140 किंवा त्याहून जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. ही तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा 24 ते 28 आठवड्यांत, अशी दोनदा व्हायला हवी. पहिली चांगली आली म्हणून दुसरी सोडायची नाही.

उपवास

संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्र. श्रद्धेवर मी काही म्हणणार नाही, पण साबुदाण्यावर म्हणेन. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. साखर झपाट्याने चढते आणि दोन तासांत पुन्हा भूक. निर्जळी तर करूच नये. उपवास मोडायचा नसेल तर राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, दही, दूध आणि फळं घ्या, आणि दर तीन तासांनी खा. साखर वाढलेली असेल किंवा औषधं चालू असतील तर उपवास बाळंतपणानंतर.

‘घरकाम करते, वेगळा व्यायाम कशाला?’

धुणंभांडी करून पाठ दुखते, पण दम वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटना तब्येत ठीक असलेल्या गरोदर बाईला आठवड्यात 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास झपझप चाललं की तो होतो. आधी सवय नसेल तर दहा मिनिटांपासून सुरुवात करा. चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतका वेग योग्य. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तर साखरही ताब्यात राहते, आणि ज्यांना सलग अर्धा तास मिळत नाही त्यांची सोयही होते.

चौथ्या महिन्यानंतर पाठीवर उताणं झोपून करायचे व्यायाम सोडा. वाढलेलं गर्भाशय मोठ्या रक्तवाहिनीवर दाबतं आणि चक्कर येते. बद्धकोनासन (तळवे जुळवून, गुडघे बाजूला सोडून बसणं), भिंतीला धरून अर्धी बैठक, आणि लघवी रोखताना आवळतो ते स्नायू आवळून सोडणं, हे बहुतेक जणींना घरी जमतं. हे आवळणं प्रत्यक्ष लघवी करताना मात्र करू नका. सांधे या काळात सैल झालेले असतात, म्हणून जास्तीत जास्त ताणायची चढाओढ नको.

‘फरशी पुस, नॉर्मल होईल’ या आश्वासनाला आधार नाही. पाण्याचे हंडे उचलणं, ओणवं राहून तासन्‌तास काम करणं याला व्यायाम म्हणू नका. ऊसतोडीला जाणाऱ्या, बांधकामावर राबणाऱ्या बाईला तर वर सांगितलेलं चालणं लागूच नाही. तिला विश्रांती, सावली, पाणी आणि पोटभर जेवण हवं, आणि ते मिळवून देणं घरच्यांचं काम आहे.

दुसरं टोक म्हणजे डॉक्टरांनी न सांगता घेतलेली ‘बेड रेस्ट’. कारण नसताना पडून राहिल्याने स्नायू कमजोर होतात आणि पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. वार खाली असणं, रक्तस्राव, गर्भाशयाचं तोंड सैल असणं, वाढलेला रक्तदाब असं काही असेल तर व्यायाम डॉक्टरांना विचारूनच.

छोट्या वाटणाऱ्या, पण महाग पडणाऱ्या

मिसरी. दात घासायची म्हणून तिला कुणी तंबाखू मानत नाही, पण ती भाजलेली तंबाखूच आहे. मुंबईत 1217 गरोदर बायकांचा मागोवा घेऊन 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मिसरीसारखी धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी 105 ग्रॅमने हलकी भरली, आणि वेळेआधी प्रसूतीही जास्त झाल्या. सासू आणि सून दोघींनी मिळून सोडली तर सुटणं सोपं जातं.

पिकलेली पपई चालते, कच्च्या पपईचा चीक टाळा. कोकण-गोव्याकडच्यांनी तारली, बांगडा खुशाल खावा, पण मोरी नको, कारण अशा मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. सुरमईही रोज नको. पावसाळ्यात उघड्यावरची पाणीपुरी, उसाचा रस आणि बर्फ पूर्ण बंद. दूषित पाण्यातून होणारी ‘ई’ प्रकारची कावीळ गरोदरपणात जिवावर बेतू शकते.

पुढच्या बाळाचा विचार असेल तर फॉलिक ॲसिड दिवस राहण्याआधीच सुरू करा. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भधारणेनंतर 28 दिवसांत बंद होते, बऱ्याच जणींना तोवर कळलेलंही नसतं.

घरगुती उपाय थांबवायची वेळ

डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, ताप, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर आहार-व्यायामाचं बाजूला ठेवा. नेहमीच्या तपासणीसाठी दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी रुग्णालयांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात मोफत तपासणी होते. पण वरची लक्षणं असतील तर 9 तारखेची वाट पाहू नका. 108 ला फोन लावा आणि निघताना माता-बाल संरक्षण कार्ड व चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या.