शित्झूचं तोंड रोज पुसूनही वास येतो? या चुका टाळा

“ताई, मी दिवसातून दोनदा पुसते हो तिचं तोंड. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच वास!”

कोथरूडच्या एका काकूंनी मला हे सांगितलं, तेव्हा त्यांची बर्फी माझ्या मांडीवर बसली होती. पाच वर्षांची शित्झू जातीची कुत्री, पांढरी आणि मधूनमधून बदामी. वरवर पाहता तोंड स्वच्छ होतं. डोळ्याखालचे केस मी दोन बोटांनी बाजूला केले. टोकं कोरडी होती, पण मुळाशी केस ओले आणि चिकट, त्वचा लालसर, आणि बोटाला न वाळलेल्या फडक्याचा आंबूस वास. काकू न चुकता ओल्या वाइप्सने पुसत होत्या. कोरडं मात्र एकदाही करत नव्हत्या.

मी पुण्यात घरोघरी जाऊन केसाळ कुत्र्यांचं ग्रूमिंग करते. शित्झू, ल्हासा अ‍ॅप्सो, माल्टीज, मधूनच एखादा पूडल. तोंडाच्या तक्रारी सगळीकडे सारख्याच असतात आणि बहुतेक ठिकाणी माणसं मनापासून काळजी घेत असतात. त्यांचं चुकतं ते एवढ्यातच की ती मळाच्या मागे लागतात आणि ओल तशीच राहते.

पुसलं, पण वाळवलं नाही

शित्झूला केसांचे दोन थर असतात. वरचा लांब आणि खाली मऊ, दाट. हा खालचा थर पाणी धरून ठेवतो. डोळ्यांतून येणारं पाणी, पाणी पिताना भिजलेली दाढी, लाळ आणि वर आपण लावलेलं वाइप, सगळं तिथेच मुरतं. त्यात नाक चपटं, त्यामुळे नाकाच्या बाजूला त्वचेची घडी पडते आणि त्या घडीत हवा खेळत नाही. मॅलासेझिया नावाची यीस्ट, म्हणजे एक सूक्ष्म बुरशी, कुत्र्याच्या त्वचेवर एरवीही थोडीफार असतेच. तिला ऊब आणि ओल मिळाली की ती वाढते. मग तेलकटपणा, खाज, तपकिरी रंग आणि तो वास. जुलै-ऑगस्टमध्ये माझ्याकडे याच तक्रारीचे फोन सर्वात जास्त येतात, कारण त्या दिवसांत घरातले कपडेच वाळत नाहीत, तिथे दाढी कुठून वाळणार!

रोज सकाळी तीन-चार मिनिटं पुरतात. कोमट पाण्यात भिजवून पिळलेलं जुनं मऊ सुती कापड डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर अर्धा मिनिट नुसतं धरून ठेवा. चिपडं मऊ होऊ द्या. वाळलेलं चिपड नखाने ओढलं की त्याबरोबर केस आणि कधी कधी सालही निघते. मग बारीक दातांची फणी डोळ्यापासून खाली, गालाच्या दिशेने फिरवा. दुसऱ्या डोळ्याला कापडाचं दुसरं टोक घ्या, म्हणजे एका डोळ्याचा संसर्ग दुसऱ्यात जाणार नाही. कापसाचे सुटे बोळे शक्यतो नकोत, त्याचे तंतू डोळ्यात राहतात.

यानंतरची पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि तीच सगळे वगळतात. कोरडं कापड घेऊन तोंड चोळू नका, दाबा. टिपकागदाने शाई टिपतात तसं. केस बाजूला करून मुळापर्यंत, नाकाच्या घडीत आणि हनुवटीखाली. बोटाला गारवा लागत असेल तर अजून वाळलेलं नाही. हवा फार दमट असेल तर ड्रायर थंड हवेवर, हातभर लांबून आणि डोळ्यांवर तळहाताचा आडोसा धरून.

डाग काढायची घाई

डोळ्याखाली जे लालसर तपकिरी ओघळ दिसतात तो मळ नाही. शरीरात तयार होणारी पॉर्फिरिन नावाची रंगद्रव्यं अश्रूंतून व लाळेतूनही बाहेर पडतात. हलक्या रंगाचे केस सतत भिजत राहिले की त्यांना हा रंग चढतो. म्हणून पाय चाटणाऱ्या पांढऱ्या कुत्र्याचे पंजेही असेच तांबूस होतात. एकदा रंगलेला केस धुऊन पांढरा होत नाही. तो वाढून कापला जातो तेव्हाच जातो.

हे लक्षात न आल्यामुळे लोक काय काय लावतात! लिंबू, खायचा सोडा, हायड्रोजन पेरॉक्साइड. डोळ्यापासून अर्ध्या बोटावर पेरॉक्साइड लावायचं आणि कुत्रं मान झटकणार नाही अशी आशा करायची, हा जुगार आहे. डोळ्याच्या काचेला, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, त्याने इजा होते. खाण्यात मिसळायच्या काही पावडरींमध्ये टायलोसिन हे अँटिबायोटिक असायचं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2014 मध्ये अशी मान्यता नसलेली उत्पादनं विकणाऱ्यांना ताकीद दिली होती. डाग फिका करायला महिनोन्‌महिने अँटिबायोटिक चारणं मला अजिबात पटत नाही. डब्यावरचे घटक वाचा आणि शंका आली तर डॉक्टरांना फोटो पाठवा.

डोळ्यातून पाणी का येतंय, हा खरा प्रश्न आहे. केस टोचतोय का? पापणीची कड आत वळली आहे का? पापणीचा एखादा केस उलटा उगवलाय का? डोळ्यातून नाकात जाणारी बारीक नळी तुंबली आहे का? यातला पहिला प्रश्न तुम्ही घरी सोडवू शकता, बाकीच्यांना व्हेट लागतात.

नाकावरचे केस अर्धवट कापणं

माझ्या अनुभवात सर्वात जास्त डोळे या एका चुकीने बिघडतात.

शित्झूच्या नाकाच्या दांडीवरचे केस वरच्या दिशेने उगवतात. पिल्लू तीन-चार महिन्यांचं झालं की ते चारी बाजूंना पसरतात आणि तोंड शेवंतीच्या फुलासारखं दिसतं. इंग्रजीतही या चेहऱ्याला शेवंतीचीच उपमा देतात. दिसतं फार गोड, पण ते केस डोळ्यांत जातात. मग घरातलं कोणीतरी कात्री घेऊन ते केस छाटतं. दोन आठवडे बरं वाटतं. तिसऱ्या आठवड्यात त्याच जागी ताठ खुंट उभे राहतात आणि आता ते नेमके बुबुळाच्या उंचीवर असतात. लांब केस निदान डोळ्यावरून सरकतो तरी, खुंट टोचतो.

म्हणून आधी ठरवा. एक तर ते केस वाढवायचे, रोज विंचरून दोन्ही बाजूंना खाली वळवायचे आणि कपाळावरच्या केसांची शेंडी बांधायची. मधल्या दोन-तीन महिन्यांत ते धड बसत नाहीत, तेव्हा धीर धरावा लागतो. नाही तर आखूड ठेवायचे, पण मग दर दोन-तीन आठवड्यांनी न चुकता कापायचे. मनात आलं तेव्हा कापायचं, असं मात्र चालत नाही.

घरी कापणार असाल तर गोल टोकांची छोटी कात्री घ्या. कुत्रं जेवून, फिरून, दमलेलं असताना बसा. एका हाताने हनुवटीखालची दाढी धरा, म्हणजे मान हलली तरी हात तिच्याबरोबर हलतो. कात्रीचं टोक डोळ्याकडे कधीही नको, ते नाकाच्या शेंड्याकडे असू द्या. पापण्यांना हात लावू नका. कुत्रं वळवळायला लागलं तर थांबा आणि राहिलेली बाजू उद्या करा. एक दिवस तोंड तिरकं दिसलं तर काही बिघडत नाही.

शेंडी बांधताना साधा रबरबँड वापरू नका. तो केस कापतो आणि काढताना ओढतो. मऊ, कापडी किंवा खास कुत्र्यांसाठीचा घ्या आणि बांधल्यावर भुवया वर ताणल्या जात नाहीत ना ते पाहा. रोज घट्ट बांधलं तर तिथले केस गळायला लागतात. रात्री सोडून ठेवा.

गुलाबपाणी, त्रिफळा आणि घरातले ड्रॉप्स

ही चूक माझी स्वतःची आहे. माझा पहिला शित्झू एके दिवशी डावा डोळा किलकिला करून बसला. जेवला, खेळला. मला वाटलं धूळ गेली असेल. दोन दिवस मी गुलाबपाण्याने डोळा पुसत राहिले. तिसऱ्या दिवशी डोळ्यावर निळसर धुकं दिसलं. डॉक्टरांनी डोळ्यात रंगाचा थेंब टाकला, निळा दिवा धरला आणि बुबुळाच्या मधोमध हिरवा ठिपका चमकला. ती डोळ्याच्या काचेवरची जखम होती. डोळा वाचला, पण पुढचे तीन आठवडे दिवसातून सहा वेळा औषध घालावं लागलं. त्या डोळ्यात अजून एक फिकट डाग आहे आणि तो पाहिला की मला ते दोन दिवस आठवतात.

चपट्या तोंडाच्या कुत्र्यांचे डोळे बाहेर आलेले असतात, खोबण उथळ असते आणि पुष्कळांची पापणी झोपेतही पूर्ण मिटत नाही. शिवाय त्यांच्या डोळ्याच्या काचेला संवेदना कमी असते. म्हणजे जखम मोठी असली तरी कुत्रं फारसं विव्हळत नाही. “खातंय-पितंय ना, मग ठीक आहे” हा हिशोब इथे लागू पडत नाही.

गुलाबपाणी आणि त्रिफळ्याचं पाणी निर्जंतुक नसतं, डोळ्यात घालू नका. कपाटात उरलेले माणसांचे ड्रॉप्स तर त्याहून धोकादायक. त्यात स्टेरॉइड असेल आणि डोळ्याला जखम असेल, तर जखम भरण्याऐवजी खोल जाऊ शकते. एक डोळा मिचकावणं, पंजाने घासणं, पिवळा-हिरवा पू, बुबुळावर धुकं, यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

चिपडं दाट, चिकट आणि तारेसारखी लांब निघत असतील आणि डोळा निस्तेज दिसत असेल, तर अश्रू जास्त नाहीत, उलट कमी पडत असतील. डॉक्टर कागदाची एक पट्टी मिनिटभर पापणीत धरून हे मोजतात. 15 मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर डोळा कोरडा पडत असल्याची शंका येते. शित्झूमध्ये हे नेहमी दिसतं आणि त्यावर उपचार आहेत. रोज चिपडं पुसत राहणं हा उपचार नव्हे.

गुंता असताना आंघोळ

पाणी लागलं की गुंता आवळतो आणि वाळल्यावर त्याचा नमदा होतो. कानामागे, तोंडाच्या कोपऱ्यात आणि पट्ट्याखाली बोटं फिरवून आधी गुंते शोधा. चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळा, मुळाशी केस घट्ट धरा आणि टोकाकडून थोडं थोडं सोडवत वर या. आधी बोटांनी, मग स्टीलच्या कंगव्याने. न सुटणारा गुंता कात्रीने आडवा कापू नका. त्वचा गुंत्यात ओढली गेलेली असते आणि नेमकी तीच कापली जाते. तिथे केस कापायचं मशीन लागतं.

आपला शाम्पू, बेबी शाम्पूसुद्धा, रोजच्यासाठी नको. माणसाची त्वचा किंचित आम्लधर्मी असते, कुत्र्याची त्या मानाने उदासीन. तोंडाला रोज शाम्पूची गरजही नसते.

दाढीतलं खरकटं

दूध-पोळी, वरण-भात असं मऊ जेवण दाढीत मुरतं आणि आंबतं. पसरट, उथळ स्टीलचं भांडं ठेवा, जेवणानंतर दाढी ओल्या कापडाने पुसून कोरडी टिपा. (फोडणीत कांदा-लसूण असेल तर ते वरण कुत्र्याला द्यायचंच नाही, तो वेगळा आणि गंभीर विषय.) एवढं करूनही वास राहिला तर ओठ उचलून दात पाहा. शित्झूच्या लहान जबड्यात दात दाटीने असतात, हिरड्या लवकर बिघडतात आणि वास दाढीचा समजून आपण दाढीच धूत बसतो. आपली टूथपेस्ट वापरू नका, काहींमध्ये झायलिटॉल असतं आणि ते कुत्र्यांना विषारी आहे.

टेकडीवरून आल्यावर न तपासणं

पावसाळा संपून गवत वाळलं की ऑक्टोबरपासून कुसळं सुटतात. आपल्या मोज्यात घुसतात तशीच ती दाट केसांत शिरतात आणि त्यांची रचनाच अशी की पुढे सरकतात, मागे येत नाहीत. पापणीखाली, कानात किंवा बोटांच्या बेचक्यात गेलेलं कुसळ आत आत जात राहतं. फिरून आल्यावर दारातच तोंड, कान आणि पंजे विंचरा. कुत्रं अचानक मान तिरकी करून कान झटकायला लागलं, तर कानात तेल घालू नका, डॉक्टरांना दाखवा. त्याच वेळी पापणीच्या कडेला आणि कानाच्या पाळीत गोचीड आहे का तेही पाहा.

रोज हे सगळं जमत नसेल, तर मी मोकळेपणाने सांगते, लांब केसांचा हट्ट सोडा. तोंड सगळीकडून बोटभर आखूड ठेवा, दर चार-पाच आठवड्यांनी कापून घ्या आणि फक्त नाकावरचा भाग मधे एकदा. कुत्रं तेवढंच गोड दिसतं आणि त्याला समोरचं दिसतंही.

बर्फीकडे मी दीड महिन्याने पुन्हा गेले. काकूंनी वाइप्स बंद केले होते. आता त्यांच्या जुन्या सुती साडीचे चौकोनी तुकडे दोरीवर वाळत होते, एका बाजूला ओल्यासाठीचे, दुसऱ्या बाजूला कोरड्यासाठीचे. मी डोळ्याखालचे केस बाजूला केले. त्वचा फिकट गुलाबी, मुळापासून सेंटीमीटरभर केस पांढरा आणि पुढे तेवढंच जुनं तपकिरी टोक राहिलेलं. बर्फीची दाढी धरून मी ते टोक कापून टाकलं.