हाताने बनवलेल्या बॉलपेनात रिफिल नीट बसत नसेल तर काय करावं

लेथवर घडवलेलं, घासूनपुसून चकचकीत केलेलं पेन हातात घ्यावं, फिरवावं आणि टोकातून काहीच बाहेर येऊ नये. किंवा उलट, पेन बंद केल्यावरही बॉल बाहेरच राहावा. माझ्या पहिल्या पेनाचं हे दुसरं दुखणं होतं. ते मला कळलं तोवर शर्टाच्या खिशाला निळी रेघ उमटली होती. तेव्हा मी सगळा राग रिफिलवर काढला आणि लागोपाठ तीन रिफिली बदलल्या. तिन्हींनी तेच केलं, कारण दोष पेनाच्या पोटात होता.

म्हणून सुरुवात इथून करा: रिफिल बाहेर काढा आणि तिच्याने कागदावर चार रेघा ओढा. चांगली उमटली, तर तीच रिफिल त्याच जातीच्या दुसऱ्या, धड चालणाऱ्या पेनात घालून पाहा. तिथे ती नीट आत-बाहेर झाली, तर दुरुस्ती तुमच्या पेनाची करायची आहे.

रिफिल कोणत्या जातीची आहे?

पेन किटमध्ये, म्हणजे पेनाच्या सुट्या भागांच्या तयार संचात, साधारण दोन जातीच्या रिफिली भेटतात. एक क्रॉस पद्धतीची. ही बारीक आणि लांब असते, तिच्या मागच्या टोकाला आटे असतात आणि ती फिरकीत, म्हणजे पेन पिळल्यावर रिफिल आत-बाहेर करणाऱ्या भागात, स्क्रूसारखी बसते. दुसरी पार्कर पद्धतीची. ही जाड आणि आखूड असते, लांबी सुमारे ९८ मिलिमीटर आणि जाडी सुमारे ६ मिलिमीटर. हिला आटे नसतात. मागे प्लॅस्टिकचं खाचांचं बूड असतं आणि पुढे स्प्रिंग लागते.

या दुसऱ्या जातीला मानकांत ‘जी२’ म्हणतात आणि इथेच पुष्कळजण फसतात. पायलटच्या ‘जी२’ या जेल पेनाची रिफिल ही नव्हे. ती सेंटीमीटरभराहून जास्त लांब असते. पाकिटावरचं नाव वाचून रिफिल आणली आणि पेन मिटेनासं झालं, तर आधी व्हर्निअर कॅलिपर लावून लांबी मोजा. एकाच जातीच्या, पण वेगवेगळ्या कंपन्यांच्या रिफिलींतही थोडा फरक निघू शकतो. त्यामुळे पेन ज्या रिफिलवर जुळवलंत, तिची लांबी वहीत टिपून ठेवा.

फिरकीचं पेन: सगळा खेळ एका अंतराचा

बारीक अंगाच्या फिरकीच्या पेनात खालच्या बॅरलच्या, म्हणजे पितळी नळीवर चिकटवलेल्या लाकडी अंगाच्या, एका तोंडाला निमुळतं टोक दाबून बसवलेलं असतं आणि दुसऱ्या तोंडातून फिरकी, म्हणजे ट्विस्ट मेकॅनिझम, आत दाबलेली असते. रिफिल फिरकीतून आरपार जाते. तेव्हा बॉल किती बाहेर येणार हे टोक आणि फिरकी यांच्यामधल्या अंतरावर ठरतं. फिरकी कमी दाबली गेली की बॉल बाहेर येत नाही, जास्त दाबली गेली की आत जात नाही.

कमी दाबली गेली असेल तर काम सोपं आहे. वरचा बॅरल सरळ ओढून काढा आणि रिफिल काढून घ्या. व्हाइसच्या (वस्तू दाबून धरणाऱ्या शिकंजाच्या) दोन्ही जबड्यांना लाकडाच्या पट्ट्या लावा आणि फिरकी अगदी किंचित दाबा. किंचित म्हणजे अर्धा मिलिमीटर, त्याहून जास्त नाही. रिफिल परत घाला, फिरकी पूर्ण उघडून बॉल पाहा, मग पूर्ण मिटून पाहा. पुन्हा रिफिल काढा, पुन्हा किंचित दाबा. कंटाळवाणं आहे, पण आत दाबणं जितकं सोपं तितकंच बाहेर काढणं जिकिरीचं. फिरकीच्या पितळी भागावर बहुधा एक खोलगट रेघ असते. नवं पेन जोडताना पहिल्या दाबाला त्या रेघेपर्यंतच जायचं, पुढचं सगळं रिफिल घालून ठरवायचं. माझा अंदाज असा: पेन उघडल्यावर रिफिलचा टोकाचा शंकू दिसावा, पण त्यामागचा जाड भाग दिसू नये.

फिरकी जास्त दाबली गेली असेल तर पेन खोलावं लागतं. रिफिल काढल्यावर फिरकीच्या पोकळीतून एक बारीक, सरळ सळई घाला आणि पुढचं टोक हलक्या हातोडीने ठोकून बाहेर काढा. टोक खाली गादीवर पडू द्या, फरशीवर पडलं तर चेपतं. मग रिकाम्या झालेल्या तोंडातून पितळी नळीच्या आतल्या व्यासाहून जराशीच बारीक सळई घाला आणि फिरकीला मागून हलके ठोके द्या. ठोके मोजून द्या, प्रत्येक ठोक्यानंतर फिरकी किती सरकली ते पाहा. बॅरल हातात धरून ठोकू नका. त्याच्या मापाचं भोक पाडलेल्या लाकडी ठोकळ्यात उभा करा, नाहीतर लाकूड चिरतं.

काहीजण यावर पळवाट काढतात. रिफिलचे आटे एखाद-दोन वेढे सैल ठेवतात, म्हणजे बॉल तेवढा मागे जातो. दोन दिवस चालतं, मग लिहिताना रिफिल गोल गोल फिरायला लागते.

आणि फिरकी बरोबर जागी असूनही लिहिताना बॉल हळूहळू मागे सरत असेल, तर फिरकी नळीत सैल बसली आहे. ती काढून तिच्या पितळी भागावर इपॉक्सीचा, म्हणजे दोन भाग मिसळून लावायच्या गोंदाचा, अगदी पातळ थर लावा आणि मोजलेल्या जागी बसवा. थर जाड झाला तर फिरकीच जाम होते.

खटक्याचं आणि जाड अंगाचं पेन

पार्कर पद्धतीच्या रिफिलीच्या पेनात बॅरलची लांबीच बोलते. रिफिल पुढच्या टोकाची आतली बाजू आणि मागची यंत्रणा यांच्यामध्ये अडकलेली असते. बॅरल घासताना एक मिलिमीटर जास्त गेला की बॉल उघडताना आणि मिटताना, दोन्ही वेळा तेवढा पुढे राहतो. बॅरल तेवढा लांब राहिला की बॉल कायम मागे.

लांब राहिला असेल तर तोंड काटकोनात राखून थोडं थोडं घासा, किंवा रिफिलच्या बुडामागे प्लॅस्टिकची पातळ चकती ठेवा. आखूड झाला असेल तर त्याच मापाच्या पितळी नळीची बारीक कडी कापून मध्ये बसवावी लागते. बाहेरून ती नक्षीसारखी दिसते, कुणाला काही सांगायची गरज नाही. रिफिल कापायचा मोह मात्र आवरा. धातूच्या रिफिलला करवत लावली की शाई आणि तुम्ही एकाच रंगाचे होता, आणि वायूच्या दाबावर चालणाऱ्या रिफिलच्या तर वाटेलाही जाऊ नका.

हे सगळं करण्याआधी स्प्रिंग जागेवर आहे ना ते पाहा. रिफिल बदलताना ती गुपचूप टेबलाखाली जाते. एका बाजूला निमुळती असेल तर उलटी बसली नाही ना, हेही तपासा.

रिफिल अडकते, घासते

लाकूड फुगल्यामुळे रिफिल अडकली, असं सांगणारे बरेच भेटतात. रिफिल पितळी नळीत चालते आणि पितळ दमट हवेने फुगत नाही. रेषांच्या दिशेने लाकडाची लांबीही नावापुरतीच बदलते. अडकण्याचं खरं कारण बहुतेक वेळा गोंद असतं.

पेन खोला, नळी डोळ्यासमोर धरून उजेडाकडे पाहा. आत पिवळसर, चमकणारं कडं दिसलं तर तो वाळलेला इपॉक्सी आहे. बारीक गोल कानस किंवा नळीत जेमतेम जाणारं ड्रिलचं पातं हाताने फिरवून तो खरवडा. ड्रिल मशीन लावू नका, पितळ तापतं आणि गोंद लाकडापासून सुटतो. पुढच्या पेनाला नळी चिकटवण्याआधी तिची दोन्ही तोंडं कच्च्या बटाट्याच्या चकतीत दाबा. बटाट्याचं बूच बसतं आणि गोंद आत शिरत नाही. गोंद वाळल्यावर बूच ढकलून काढा.

नळी स्वच्छ असूनही रिफिल घासत असेल, तर रिफिलवर मार्करने रंग द्या, रंग वाळू द्या आणि पेन दहा-बारा वेळा उघडा-मिटा. बाहेर काढल्यावर जिथला रंग खरवडलेला दिसेल, तिथेच ती घासते आहे. एकाच कडेला ओरखडा आणि तोही पुढे असेल, तर टोक तिरकं दाबलं गेलं आहे. ते काढून पुन्हा सरळ बसवा.

खडखड

लिहिताना बॉल टोकाच्या भोकात हलतो आणि टकटक आवाज येतो. हा दोष लहान, पण डोकं उठवणारा. भोक मोठं असेल तर जरा जाड टोकाची दुसऱ्या कंपनीची रिफिल लावून पाहा. तेवढ्याने भागलं नाही, तर रिफिलच्या जाड भागावर, टोकाच्या भोकापर्यंत न पोचणाऱ्या जागी, पातळ चिकटपट्टीचा एकच वेढा द्या. दुसरा वेढा दिलात की रिफिल परत अडकायला लागते. फिरकीच्या पेनात खडखड मागून येत असेल, तर रिफिलच्या आट्यांवर नळाला लावतात त्या पांढऱ्या टेफ्लॉन टेपचा छोटासा तुकडा गुंडाळा आणि रिफिल घट्ट पिळून बसवा.