दातांना तार: अंबडहून संभाजीनगरची स्वस्तातली वाट

भाचीचे वरचे दात पुढे आलेले, खालचे एकावर एक चढलेले, त्यात बोअरच्या पाण्याने पडलेले तपकिरी डाग. वय २०. अंबडला माझं झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे कागद, फॉर्म, रांगा ही घरातली सगळी कामं फिरून माझ्याकडेच येतात. हेही आलं. ज्यांच्या घरी असंच कुणी आहे आणि एकरकमी पन्नास हजार काढणं जड जातं, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

पहिली शंका वयाची. विशीत तार बसते का? बसते. हिरड्या आणि हाड धड असलं की झालं. फक्त जबड्याची वाढ थांबलेली असते, त्यामुळे मुळात जबडाच पुढे किंवा मागे असेल तर नुसत्या तारेने भागत नाही, कधी ऑपरेशनही लागतं. वेळ साधारण दीड-दोन वर्षं धरा. ‘स्थळं बघायचीत, दिवाळीपर्यंत करून द्या’ म्हणत गेलात की समोरच्याला आयतं गिऱ्हाईक मिळतं. आम्हाला एका दवाखान्यात ‘स्माईल डिझायनिंग’ सांगितलं: समोरचे सहा दात घासून वर कॅप, आठवड्यात मोकळे. दाजी तर तयारच झाले होते. म्हटलं, ‘‘दाजी, दात वाकडा आहे, किडका न्हाई. चांगला दात घासायचा कशाला?’’ घासलेलं वरचं कवच पुन्हा येत नाही, आणि कॅप काही जन्मभर टिकत नाही. विशीत बसवली की पुढे बदलण्याचा खर्च लागलाच मागे.

आता स्वस्तात कुठे? संभाजीनगरला घाटी रुग्णालयाजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे. शिवाय कांचनवाडीला सीएसएमएसएस, लातूरला एमआयडीएसआर, आणि नांदेड-परभणीलाही खासगी दंत महाविद्यालयं आहेत. इथे तार बसवतात ते एमडीएस करणारे डॉक्टर. म्हणजे बीडीएस (दातांच्या डॉक्टरची पहिली पदवी) होऊन पुढे तीन वर्षं याच विषयात शिकणारे, आणि डोक्यावर प्राध्यापक उभे. खासगीत धातूच्या तारेचा आकडा आम्हाला ३० ते ५० हजार ऐकायला मिळाला, पारदर्शक अलाइनरचा (तारेऐवजी दातांवर चढवायचे साचे) तर लाखाच्या पुढे. सरकारीत त्याच्या मानाने फार थोडक्यात काम होतं. बदल्यात वेळ द्यावा लागतो, अख्खा दिवस जातो.

सकाळी लवकर पोचा. खिडकीवर केसपेपर काढला की आधी तपासणी विभाग, मग एक्स-रे, मग ऑर्थो, म्हणजे दात सरळ करण्याचा विभाग. तिथे दातांचे साचे, फोटो, सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे (ओपीजी) आणि डोक्याचा बाजूने काढलेला एक्स-रे होतो. त्याआधी दात साफ करणं, कीड भरणं उरकून घ्या. हिरड्यांतून रक्त येत असताना तार बसवत नाहीत. जागा करायला सुळ्यांमागच्या चार छोट्या दाढा काढायला सांगितल्या तर घाबरू नका, पण ‘न काढता होईल का?’ एवढं जरूर विचारा. आधार आणि रेशनकार्डाच्या दोन-दोन प्रती सोबत ठेवा (हे माझ्या धंद्यासाठी म्हणत नाही, तिथे रांग सोडून झेरॉक्सला पळावं लागतं). प्रत्येक कागदाचा आणि एक्स-रेचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

एक प्रश्न मात्र सगळ्यांनी विचारावा: ‘डॉक्टर, तुम्ही कितव्या वर्षाला?’ तिसऱ्या वर्षाचे असतील तर ते पास होऊन जातील आणि तुमची केस मध्येच दुसऱ्याच्या हातात जाईल. पहिल्या वर्षाचे मिळाले तर बहुधा शेवटपर्यंत तेच राहतात. नंबर लागायला थांबावं लागलं तर थांबा.

दर चार-सहा आठवड्यांनी तार घट्ट करायला जावं लागतं, तेव्हा भाडंही हिशोबात धरा. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, भाचीचं त्यावर निभलं. पुरुषांना पूर्णच. मेडिक्लेम असला तरी त्यावर विसंबू नका, दिसण्यासाठी केलेला दातांचा खर्च त्यात सहसा बसत नाही.

डागांचं वेगळं. किनवटसारख्या भागात आणि आपल्याकडच्या बऱ्याच बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलेलं पाणी लहानपणी, पक्के दात आत तयार होत असताना पोटात गेलं की हे डाग पडतात. कुठल्याच पेस्टने ते जात नाहीत. लिंबू-मीठ, कोळसा घासू नका. हलके डाग असतील तर वरचा अगदी पातळ थर काढून किंवा ब्लीचिंगने बरेच फिके होतात, गडद असतील तर वर कॉम्पोझिटचा, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरणाचा लेप देतात. हे सगळं तार निघाल्यावर. आधी केलं तर ब्रॅकेटखालचा (तार धरायला दातावर चिकटवलेल्या तुकड्याखालचा) चौकोन वेगळाच दिसतो. ब्लीचिंग आधी, कॉम्पोझिट नंतर, कारण कॉम्पोझिटचा रंग ब्लीचिंगने बदलत नाही.

खाण्यात ऊस, अख्खा पेरू, फुटाणे, चिक्की बंद. कडक भाकरी कालवणात कुस्करून खायची. हुरडा चालतो, पण नंतर बारीक ब्रशने तारेखालचे दाणे काढेपर्यंत पोरगी अर्धा तास आरशासमोर. ब्रॅकेट निघालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा. गाल सोलला तर वर लावायला मेण मिळतं, ते मागून घ्या.

तार काढली की लोक येणंच बंद करतात. दात मात्र जुन्या जागी परत सरकू बघतात, म्हणून रिटेनर, म्हणजे दात जागेवर धरणारा काढता-घालता येणारा साचा लागतो: आधी दिवसरात्र, मग फक्त झोपताना, तेही वर्षानुवर्षं. गरम पाण्यात धुतला की त्याचा आकार जातो. आणि लग्नाच्या पंगतीत तो कागदात गुंडाळून ताटाशेजारी ठेवलात तर वाढपी पत्रावळीबरोबर उचलून नेणार. डबी खिशात ठेवा.