जुने काचेचे मणी चिकट लागतायत? आधी हे बघा

19व्या शतकातलं, अमेरिकेतल्या लाकोटा या मूळनिवासी लोकांचं चामड्यावरचं मणीकाम घ्या, मणी युरोपातून आलेले, व्हेनिस नाहीतर बोहेमियाचे (आजच्या चेक देशातला भाग), आणि आज बऱ्याचदा एकाच ओळीत पांढरे ठणठणीत पण निळे, लाल, काळे तडकलेले दिसतात. दोष काचेतच असतो. सोडा-पोटॅश जास्त आणि चुना कमी पडला की हवेतला दमटपणा अल्कली (म्हणजे तेच सोडा-पोटॅश) बाहेर ओढतो, मणी ओलसर लागतो, मग पांढरी पूड, भेगा, शेवटी चुरा.

भिंग घेऊन भोकाची कड बघा. तिथला पांढरा थर बुरशी समजून खरवडू नका प्लीज, चामड्यातली चरबी आणि अल्कली मिळून तिथे चक्क साबण झालेला असतो! पीएच पट्टी (आम्ल की अल्कली ते दाखवणारी कागदी पट्टी) डिस्टिल्ड पाण्याने किंचित ओली करून मण्याला टेकवा, 9च्या वर गेली तर तो मणी आजारी समजा.

पाण्यात बुडवायचं नाही, चामडं आखडतं. नायट्राईलचे ग्लोव्ह्ज घाला. आर्द्रता 40 टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवा, एकदम कोरडं केलंत तर भेगा वाढतात. आणि लाकडी कपाट नकोच, लाकडातून ॲसिडची वाफ निघत राहते. दर काही महिन्यांनी त्याच मण्यांचे फोटो काढा, बदल डोळ्यांना लवकर कळत नाही.